मालकाने दाखवलेलं झाड

आमच्या घरी पेपर वाचला जायचा तो त्याच्याशी भांडायला. नागपूरहून सकाळच्या गाडीने पेपरांचे गठ्ठे पांढुर्ण्याच्या फलाटावर उतरायचे, तिथून सायकलवरून घरोघरी जायचे, आणि आमच्या ओसरीत पेपर पडेपर्यंत बाबांची आंघोळ उरकलेली असायची. ते पाटावर बसायचे, शेजारी चहाचा पेला ठेवायचे आणि मोठ्याने वाचायला लागायचे. आत आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, बाहेर बाबांचा, आणि हिवाळ्यात लांबून कापसाच्या जिनिंगची घरघर. या तीन आवाजांत माझं लहानपण गेलं. बातमी राजकारणाची असली तर बाबा नुसतं "हं" करायचे. कापसाच्या भावाची असली तर दोनदा वाचायचे. पण यंत्राची, विज्ञानाची, आभाळातली बातमी आली की त्यांना खरा चेव चढायचा. कुठल्या देशाने कुठल्या ग्रहाकडे यान धाडलं, कुठे मातीविना पीक उगवलं, कुठल्या गोळीने म्हातारपण थांबणार. "पाहून कोण आलं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आई आतूनच म्हणायची की ते आपल्या पैशाने जाऊन राहिले आहेत, तुमचं काय जाते, चहा थंडा होऊन राहिला. चहा रोजच थंड व्हायचा.

कोणी म्हणेल, अडाणी माणूस असेल. तसं अजिबात नव्हतं. सावरगावच्या पलीकडे, जाम नदीच्या अंगाला आमचा दीडशे झाडांचा संत्र्याचा बगीचा होता, पण बाबांची ओळख त्यामुळे नव्हती. संत्र्याचा बगीचा फळ झाडावर असतानाच विकला जातो, आणि झाडांवर फळ किती आहे हे सांगायला बाबांना बोलावणी यायची, सौंसरहून, पार रामाकोन्याहूनसुद्धा. मालक जास्त सांगणार, व्यापारी कमी सांगणार. बाबा दोघांचंही शांतपणे ऐकून घ्यायचे आणि कोणाचंच मानायचे नाहीत. मालक हटकून त्यांना रस्त्याकडच्या, फळांनी वाकलेल्या झाडापाशी न्यायचा. बाबा त्या झाडाच्या सावलीत पाणी प्यायचे, झाडाचं कौतुक करायचे, आणि मग आपल्या मनाने तीन झाडं निवडायचे. एक विहिरीजवळचं, एक मधलं, एक अगदी कडेचं. ती तीन झाडं फांदी-फांदी करून मोजायचे आणि आकडा सांगायचे. मालकाने दाखवलेलं झाड मोजायचं नसतं, एवढाच त्यांचा धंद्याचा मंत्र होता. त्यांच्या मते पेपर म्हणजे दुसरं काही नव्हतं, रस्त्याकडचं झाड होतं.

आता मी बहात्तरीला आले आहे. तीस वर्षं सौंसरच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवून घरी बसले आहे, आमचं पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालं आहे आणि पेपर मोबाइलमध्ये येतो. सकाळी उठून पाहावं तर नातेवाइकांच्या ग्रुपवर आज चंद्र हिरवा दिसणार असतो, नाहीतर एखादा दगड पृथ्वीवर येऊन आदळणार असतो. एका ग्रहावर पाणी सापडल्याची बातमी तर मी इतक्या वेळा वाचली आहे की आतापर्यंत तिथे धरण व्हायला हवं होतं. मी प्रत्येक वेळी खाली एकच ओळ लिहिते, कोणी मोजलं? भाचेसुना म्हणतात, आत्याबाई आजोबांवर गेल्या. मला त्याचा राग येत नाही, उलट मनातून अभिमान वाटतो. पण बाबांच्या शंकेत आणि माझ्या शंकेत एका हिवाळ्याचं अंतर आहे, आणि तो हिवाळा मला इथे सांगायचा आहे.

मी तेव्हा अकरावीला होते. त्या काळी आमच्याकडे अकरावी झाली की शाळा संपायची, आणि मला पुढे नागपूरला बी.एस्सी.ला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री अंथरुणात मी वसतिगृहातल्या खोलीची खिडकी कुठल्या भिंतीला असेल याचा विचार करायची. मुलीने शिकू नये असं बाबांचं म्हणणं मुळीच नव्हतं. मराठी घेऊन शिक, मास्तरीण हो, असं ते आपण होऊन म्हणायचे. त्यांचं वाकडं होतं ते विज्ञानाशी. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी आईने वांग्याचं भरीत केलं होतं, वर कच्चं तेल आणि हिरवा सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि भरीत असलं की बाबांचा मूड चांगला असतो हे ठाऊक असल्यामुळे मी विषय काढला. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कुमा, ज्या विद्येत सगळं दुसऱ्याच्या भरवशावर मानावं लागते, ते शिकून तू काय करशीन? पेपरवाल्यासारखी बोलशीन. मले विज्ञानातली एक गोष्ट अशी सांग, जे तू कोणाच्या तोंडून ऐकली नाय, कुठं वाचली नाय. तू सोता मोजली. एकच सांग, मंग जा नागपूरले."

एकच गोष्ट. मला वाटलं, हातचा मळ आहे. दुसऱ्याच दिवशी मी दोऱ्याला वजन बांधून झोके मोजून दाखवले. बाबांनी लक्ष देऊन पाहिलं आणि विचारलं, हे तुला सुचलं की गुरुजींनी दाखवलं? गुरुजींनी दाखवलं होतं. मग ते गुरुजींचं झाड झालं, म्हणाले. चुंबक, लिंबाचा रस, आरशाने पाडलेला कवडसा, सगळ्यांचं तेच झालं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हटल्यावर तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पंधरा दिवसांत माझी पुस्तकं संपली. माझ्या डोक्यात जे जे होतं ते कोणीतरी आणून ठेवलेलं होतं, माझं असं तिथे काहीच नव्हतं. मी आईपाशी रडले. आई म्हणाली, तुझ्या बापाने लग्नाआधी मलाही तीन वेळा येऊन पाहिलं होतं, तू धीर धर.

त्याच सुमारास पेपरात ती बातमी आली. कुठल्या तरी देशाचा उपग्रह बिघडला आहे, त्यात अणूचं इंधन आहे, आणि तो पृथ्वीवर कुठेही पडू शकतो. कुठेही या शब्दाने घात केला. आमच्या गल्लीत एक निवृत्त कंपाउंडर राहायचे, गावाचे अर्धे डॉक्टर. त्यांनी सांगून टाकलं की त्या वस्तूला हात लागला तर कातडी सोलून निघते. झालं. बायकांनी गच्चीवर वड्या वाळत घालणं बंद केलं. एका घराने पाहुण्यांसाठी राखलेल्या कोंबड्या एका रविवारी संपवल्या, उगाच मागे राहायला नकोत म्हणून. बाबा तेवढे ओसरीत बसून टिंगल करायचे. एवढी मोठी पृथ्वी, एवढे समुद्र, आणि त्याला नेमकं पांढुर्णाच सापडून राहिलं का, असं विचारायचे. त्यांचं ऐकून मलाही धीर यायचा, हे खोटं कशाला बोलू.

बगीच्यात तेव्हा ताण चालू होता. संत्र्याला बहार यावा म्हणून झाडांचं पाणी महिना-दीड महिना तोडतात. पानं सुकतात, वळतात, पिवळी पडून गळायला लागतात, पाहणाऱ्याचा जीव तुटतो. मग नेमक्या दिवशी बुंध्याभोवती आळी करून, खत घालून पाणी सोडायचं, की झाड फुलांनी भरतं. पाणी लवकर सोडलं तर फूल कमी, आणि उशीर झाला तर फांद्याच वाळून जातात. संक्रांत होऊन गेली होती. शनिवारी सावरगावच्या बायामाणसांनी सगळ्या झाडांची आळी नव्याने खणून साफ केली, खत घातलं, आणि सोमवारी पाणी सोडायचं ठरलं. सोमवारी सकाळी बगीच्यातच राहणारा आमचा सालदार गणपत धापा टाकत घरी आला. तिसऱ्या ओळीत एका झाडावर आभाळातून काहीतरी उतरलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा बांधावर चाळीस-पन्नास माणसं जमली होती. झाडाच्या शेंड्याजवळ एक पांढरं डबडं दोरीने लोंबत होतं आणि वर कसल्याशा फाटक्या रबराची लक्तरं होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत एकमेकांचे दगड अंगावर झेलणारी ही माणसं, जाम नदीच्या दोन्ही काठांची, त्या दिवशी एका डबड्यापुढे हात बांधून उभी होती. कोणीतरी लांबूनच नारळ फोडला. कंपाउंडर काकांनी तहसीलला अर्ज लिहिला आणि साहेब येईपर्यंत कोणी आत पाय ठेवायचा नाही असं ठरलं. पंप विहिरीवर, विहीर बगीच्याच्या मधोमध. पाणी सोडायला आत जाणार कोण? बाया म्हणाल्या, मजुरी नको पण आम्ही जात नाही. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे हसतील आणि सरळ चालत जाऊन ते डबडं काढून आणतील.

बाबा गेले नाहीत. ते बांधावर हात मागे बांधून उभे राहिले, सोमवारी दिवसभर आणि मंगळवारीही. साहेब आले नाहीत. झाडं डोळ्यांदेखत वळत चालली होती, कडेच्या दोन झाडांचे शेंडे काळपट पडले होते. मंगळवारी रात्री जेवताना बाबांनी अर्धी भाकर ताटात टाकली, जे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी विचारलं की तुम्हीच तर म्हणत होता पेपर खोटा असतो. ते म्हणाले, "पेपर खोटा असते हे मले मालूम आहे. पण कवा खोटा असते न् कवा खरा, हे मले मालूम नाय."

आमच्या घरातला सगळा विश्वास बाबांच्या अविश्वासावर उभा होता. त्या रात्री मला त्यांची दया आली, रागही आला आणि खूप माया वाटली. पहाटेपर्यंत मी त्या डबड्याचा विचार करत होते. पुस्तकाप्रमाणे इतक्या उंचावरून येणारी वस्तू हवेला घासून पेटायला हवी, आणि हे तर खडूसारखं पांढरंशुभ्र. सकाळी बांधावर मी बाबांना तसं सांगितलं. त्यांनी जुन्याच सवयीने विचारलं की हे कोणी सांगितलं. पुस्तकाने सांगितलं होतं. तेवढ्यात माझी नजर आळ्यांकडे गेली. ताणातल्या झाडाचं पान देठाशी इतकं कच्चं असतं की चिमणी बसली तरी गळतं. शनिवारी आळी झाडून साफ केली होती, म्हणजे जी पानं आता मातीवर होती ती शनिवारनंतरचीच. असं काही जड, जोरात येऊन त्या झाडावर पडलं असेल, तर त्या आळ्यात पानांचा सडा पडलेला असणार. आणि हळूच उतरलं असेल, तर नसणार, म्हणजे मग तो कोसळलेला उपग्रह नव्हे.

मी चपला काढल्या आणि आत शिरले. आईही त्या दिवशी बांधावर आली होती, तिने मागून माझं नाव घेतलं, एकदाच. आधी विहिरीजवळच्या झाडाखाली बसून पानं मोजली, मग पार कडेच्या. एकतीस निघाली, आणि सव्वीस. मग त्या झाडापाशी गेले. मोजताना दोनदा चुकले आणि दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. एकोणतीस. फांदी एकही मोडली नव्हती. वर पाहिलं तर डबडं वाऱ्यावर डुलत होतं, लग्नघराच्या मांडवातल्या झुंबरासारखं, आणि त्याच्या पोटाला ठळक अक्षरांचा एक छापील कागद चिकटवलेला होता. मी तो वाचला. नंतर बांधावर परत येऊन बाबांना तीन आकडे सांगितले, कागदाचं काही बोलले नाही.

बाबांनी आकडे ऐकले. कंपाउंडर काका म्हणाले, पोरीचा खेळ आहे. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, बांध उतरले आणि आत गेले. माझी दोन झाडं त्यांनी घेतली नाहीत. त्यांनी स्वतःची दोन निवडली, उकिडवं बसून बोटाने एकेक पान बाजूला सारत मोजली, आणि शेवटी त्या झाडाखाली गेले. पन्नास माणसं बांधावरून पाहत होती. गणपतला त्यांनी आतूनच हाक मारून विचारलं, शनिवारी-रविवारी कुत्रं भुंकलं होतं का, काही आदळल्याचा आवाज आला होता का. गणपतने दोन्हींना नाही म्हटलं. बाबा उठले, हात झटकले आणि म्हणाले, "चाल गणपत, पंप लाव."

पंपाचा पहिला ठोका पडला आणि बाया हातात फावडी घेऊन एकेक करून आत आल्या. कोणाला शरम वाटली, कोणी हसत होत्या. ते डबडं गणपतने आकडीने अलगद उतरवलं, एका हातात मावेल इतकं हलकं होतं. तेव्हा मी कागद सर्वांना वाचून दाखवला. हवामान पाहणाऱ्या सरकारी खात्याने फुग्याला बांधून सोडलेलं ते यंत्र होतं, त्यापासून धोका नाही, सापडल्यास टपालखात्यात द्यावं, असं इंग्रजीत आणि हिंदीत लिहिलं होतं. बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं की तू हा कागद केव्हा वाचला. मी खरं ते सांगितलं, मोजून झाल्यावर. ते म्हणाले, "अगोदर वाचला असता तं मोजलं नसतं तू. न् तू मोजलं नसतं तं मी मानलं नसतं."

मी पुढे आयुष्यभर विज्ञान शिकवलं, पण त्या बुधवारच्या दुपारइतकं ते मला कधीच कळलं नाही. तो कागद खराच होता. पुस्तकातलंही खरंच होतं. मला वाटतं, बाबा शंका घ्यायचे ते बरोबरच होतं, फक्त आभाळाच्या बाबतीत त्यांना मोजायला झाड सापडत नव्हतं, आणि झाड सापडलं नाही की माणूस एकतर सगळ्याला खोटं म्हणतो नाहीतर सगळ्याला भितो. आजही ग्रुपवरची माणसं मला दोन्ही करताना दिसतात, कधी कधी एकाच सकाळी. मी त्यांना हसते, पण फार नाही. मी बाबांना बांधावर पाहिलं आहे.

दुपारी बाया भाकरी सोडायला गेल्या आणि बगीच्यात आम्ही दोघंच राहिलो. पाणी पाटातून आळ्याआळ्यात शिरत होतं, सुकलेली माती ते पिताना बारीक सुस्कारे टाकत होती. बाबा फावड्याने पाटाचं मातीचं दार फोडून पाणी पुढच्या आळ्यात वळवत होते. पाठमोरेच म्हणाले, "तुले भेव नाय वाटलं?"

"वाटलं न्. दोनदा मोजाले चुकली."

"मंग गेली कशी?"

"मोजाले लागली तं थोडं कमी झालं."

त्यांनी फावडं जमिनीत रोवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. "तीन दिवस उभा होतो मी बांधावर," ते म्हणाले, "जनमभर लोकायची झाडं मोजली, न् आपल्याच झाडापाशी जाची हिंमत नाय झाली." मी त्यांच्या हातातून फावडं घेतलं आणि पुढचं दार फोडलं. चार-पाच आळी भरल्यावर ते म्हणाले, "जा नागपूरले. पण तिथं जे जे खोटं निघन, ते मले पत्रात लिहत जा."

मी तिथेच, चिखलात उभी राहून, मोठ्याने रडले. बाबा पाणी वळवत राहिले.

आषाढात मी नागपूरला गेले. वसतिगृहातल्या खोलीची खिडकी पूर्वेच्या भिंतीला होती. पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळेत मी एक मोजमाप घेतलं, तीनदा घेतलं, ते पुस्तकाशी जुळेना. पुस्तक चुकलं आहे असं मी मोठ्या तोऱ्यात सगळ्या वर्गाला सांगून बसले. आठवड्याने कळलं की तराजूचा काटा शून्यावर आहे की नाही हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. लाजेने दोन दिवस जेवण गेलं नाही. मग बाबांना पत्र लिहिलं, की इथे पहिलं जे खोटं निघालं ते माझंच.

उलट टपाली पोस्टकार्ड आलं. आई बरी आहे, ताणाने काळपटलेल्या दोन झाडांतलं एक मेलं, एकाला पालवी फुटली. आणि खाली, त्यांच्या मोठ्या, वळणदार अक्षरांत एक ओळ होती. "कुमा, पत्र वाचून आनंद झाला. आता तू शिकून राहिली."